तंजावरची यात्रा आणि ताईचे पत्र

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी आश्विन लागला की उपस्थित होतो आणि बहुधा कोकणात जाऊन संपतो. गेल्या वर्षी मात्र मी आधीच तंजावरचे नाव काढले. आमचे मूळ घर वाईस. तेथे आप्पा, आजी, थोरले बंधू, वहिनी आणि त्यांची दोन मुले असतात. आम्ही उभयता नोकरीनिमित्त पुण्यास. वाईच्या मुलांपैकी ताई तेराव्या वर्षात, तर बंडू नुकता दहाचा झालेला. दोघांनाही आमच्याबरोबर पाठवण्यास आप्पांनी परवानगी दिली, तेव्हा या प्रवासामागे माझा एक अंतस्थ हेतू होता, हे प्रथमच कबूल करणे बरे.

जूनपासून ताईला पुण्याच्या शाळेत घालावे, तिने आमच्या घरी राहावे, असा प्रस्ताव मी गणपतीत आप्पांपुढे मांडला होता. पुण्याच्या शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, पुढील शिक्षणाची सोय, अशी सर्व कारणे मी क्रमवार सांगितली. मोठ्या माणसांचे बोलणे माजघरात चालले होते. जिच्याविषयी ते चालले होते ती जिन्याच्या पायरीवर बसून होती. तिला कोणी विचारले नाही. पुढे वहिनींनी विचारले, तेव्हा ती रडली आणि ‘मला नाही जायचे’ एवढेच म्हणाली. रडणे म्हणजे मत नव्हे, असे मी त्या वेळी मोठ्या ऐटीत बोलून गेलो. परंतु मत कसे मांडावे हे या मुलीला आपण कधी शिकवले आहे काय, हा प्रश्न परतीच्या गाडीत मला टोचू लागला. शाळेतील निबंध ती सुरेख लिहिते. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर पावसाची दोन पाने भरते. पण तो ऋतू दुसऱ्यालाही आवडावा म्हणून काय सांगशील, असे विचारले की तिची लेखणी थबकते. तेव्हा प्रवासात हाच अभ्यास करायचा असे ठरवून इसापनीती आणि पंचतंत्राचे एक सुबोध भाषांतर अशी दोन पुस्तके मी पिशवीत टाकली. शिकलेली विद्या प्रथम कोणावर चालवली जाईल, याचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नाही.

पुण्याहून चेन्नईपर्यंतचा लोहमार्गाचा प्रवास सुमारे एका दिवसाचा. सोलापूर मागे पडले, डब्यातले लाडू निम्मे झाले आणि बंडूला कंटाळा आला, तेव्हा इसापनीती बाहेर निघाली. पहिलीच गोष्ट लांडगा आणि कोकरू यांची लागली. ओढ्याचे पाणी तू गढूळ केलेस, असे लांडगा म्हणतो. मी खालच्या अंगाला उभे आहे, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येते, असे कोकरू उत्तर देते. गेल्या साली तू मला शिव्या दिल्यास, असा दुसरा आरोप येतो. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, असे त्याचे उत्तर. मग तू नाहीस तर तुझा बाप असेल, असे म्हणून लांडगा त्याला खातो. गोष्ट संपल्यावर पुस्तकात छापलेले तात्पर्य मी हाताने झाकले आणि मुलांना म्हटले, “कोण बरोबर, हे तुम्ही ठरवा. पण नुसते ‘कोकरू बिचारे’ म्हणून चालायचे नाही. कारण सांगा, आणि ते कारण गोष्टीतल्या कोणत्या वाक्यात आहे तेही दाखवा.”

बंडूने कोकराची दोन्ही उत्तरे बोट ठेवून दाखवली. ताई जरा वेळ गप्प राहून म्हणाली, “काका, लांडग्याने तीन कारणे सांगितली, पण त्याला भूक लागली होती हे खरे कारण त्याने सांगितलेच नाही.” मला फार आनंद झाला. कारण आणि निमित्त यांतला भेद, जो पुष्कळ थोरांनाही उमगत नाही, तो या मुलीने एका प्राणिकथेतून उचलला होता. मी तिची पाठ थोपटली. माझ्या या आनंदाची पुढे काय गत झाली, ते यथाक्रम येईलच.

चेन्नईस उतरून एग्मोर स्थानकावरून रात्रीची गाडी धरली. पहाटे जाग आली ती कावेरीच्या सपाट मुलखात. आपल्याकडे पावसाळा उलटून शेते पिवळी पडू लागतात, तेव्हा तिकडे ईशान्येचा पाऊस सुरू होतो. दोन्ही बाजूंस गुडघाभर पाण्यात कोवळा भात उभा होता आणि आभाळ ढगांनी वाकले होते. स्थानकावर मिळालेल्या केळीच्या पानावरच्या इडल्या आणि पितळी वाटी-पेल्यातील वाफाळलेली कॉफी यांनी प्रवासाचा शीण घालवला. बंडूला कॉफी मिळाली नाही, याबद्दल त्याने तेथल्या तेथे तीन कारणांसह तक्रार नोंदवली. अभ्यास मुरू लागला होता.

बृहदीश्वराच्या देवळाचे वर्णन अनेकांनी केले आहे. राजराज चोलाने बांधलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याचे विमान सुमारे २१६ फूट उंच आहे. मान वर करून करून मुलांची टोपी आणि वेणी दोन्ही मागे लोंबू लागल्या. जोत्याच्या दगडांवर तमिळ शिलालेखांच्या ओळीमागून ओळी कोरल्या आहेत. पण महाराष्ट्रीय यात्रेकरूचे पाय थबकतात ते आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीपाशी. तेथे आपल्या ओळखीच्या बालबोध लिपीत, आपल्या भाषेत, एक प्रचंड लेख कोरलेला आहे. भोसले वंशाचे चरित्र सांगणारा हा लेख १८०३ सालचा, दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकीर्दीतला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ पर्यंत येथे मराठ्यांची गादी होती. घरापासून इतक्या दूर दगडावर मराठी अक्षरे पाहून माझी पत्नी सद्‌गदित झाली. बंडू अक्षरे लावू लागला, परंतु जुनी भाषा आणि झिजलेला दगड यांनी त्याला लवकरच थकवले.

ताईने विचारले, “एवढे मोठे चरित्र भिंतीवर का लिहिले? वही नव्हती का?”

मी तिला सन पुन्हा वाचायला सांगितले. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला होता. राजाकडे किल्ला, वाडा आणि तनखा उरला. त्यानंतर चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला. ज्याचे राज्य गेले त्याने आपण कोण आहोत हे अशा ठिकाणी लिहून ठेवले की जेथून ते कोणी पुसणार नाही. “म्हणजे हेही एक मतच आहे,” ताई म्हणाली. मी होय म्हटले. माझ्या समजुतीप्रमाणे ते मतच आहे. इतिहास तर त्यात आहेच, पण तो सांगण्यामागे वाचणाऱ्याचे मन वळवण्याची इच्छाही आहे.

दुपारपासून जो पाऊस लागला तो रात्रीपर्यंत थांबला नाही. उतारशाळेच्या खोलीत चौघे अडकून पडलो. अशा वेळी पंचतंत्रासारखा सोबती नाही. अमरशक्ती राजाचे तीन जड बुद्धीचे पुत्र सहा महिन्यांत शहाणे करून दाखवतो, असे म्हणणाऱ्या ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने मुलांना व्याख्याने दिली नाहीत, गोष्टी सांगितल्या. त्यातही तिसऱ्या तंत्रातील कावळे आणि घुबडे यांची कथा म्हणजे मत मांडण्याची शाळाच आहे. घुबडे रोज रात्री कावळ्यांना मारतात. तेव्हा कावळ्यांचा राजा मेघवर्ण आपल्या मंत्र्यांना एकेक करून विचारतो. उज्जीवी म्हणतो तह करावा, संजीवी म्हणतो लढावे, अनुजीवी म्हणतो स्थान सोडून निघावे, प्रजीवी म्हणतो आपल्या जागी घट्ट राहावे, चिरंजीवी म्हणतो बलवंताचा आश्रय घ्यावा. प्रत्येक जण कारण देतो, दाखला देतो. शेवटी वृद्ध स्थिरजीवी सर्वांचे ऐकून आपला निराळा मार्ग सांगतो.

आम्ही हा दरबार खोलीतच भरवला. माझी पत्नी मेघवर्ण झाली. बंडूने अर्थातच लढाई घेतली, ताईने तह घेतला, मी स्थान सोडण्याचा पक्ष घेतला. प्रथम प्रत्येकाने आपले म्हणणे कागदावर लिहायचे, असा नियम होता. वाचकांपैकी ज्यांना आपल्या घरी हा खेळ करावयाचा असेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. कागदाचे चार भाग करावेत. पहिल्या भागात आपले मत एका वाक्यात लिहावे. ते दोन वाक्यांत जात असेल तर मत अजून पक्के झालेले नाही असे समजावे. दुसऱ्या भागात कारणे लिहावीत, पण तीनांहून अधिक नकोत. तिसऱ्या भागात प्रत्येक कारणाला गोष्टीतला किंवा आपल्या पाहण्यातला एकेक दाखला द्यावा. चौथ्या भागात विरुद्ध पक्षाचे सर्वांत बळकट कारण लिहावे, आणि ते असे लिहावे की त्या पक्षाच्या माणसाने वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणावे. मग त्याला उत्तर असेल तर द्यावे, नसेल तर नाही म्हणून लिहावे. हा चौथा भाग मुलांना फार जड जातो. बंडूने प्रथम ‘तह करणारे भित्रे असतात’ असे लिहिले. मेघवर्ण महाराणींनी तो कागद परत केला. दुसऱ्या खेपेस त्याने लिहिले, ‘लढाईत आपलीही पिल्ले मरतील, असे ताई म्हणते. हे खरे आहे.’ ते वाचताना त्याचा आवाज जरा खाली आला. त्यानंतर पक्ष बदलून पुन्हा लिहायचे, म्हणजे तहवाल्याने लढाई आणि लढाईवाल्याने तह. त्यायोगे आपल्या मतावर रुसून बसण्याची सवय सुटते.

पुढे गोष्ट वाचली. शत्रूच्या गोटातून आलेल्या स्थिरजीवीला घुबडांनी आश्रय द्यावा की नाही, यावर घुबडांचाही दरबार भरतो. रक्ताक्ष एकटा म्हणतो, याला ठार करा. बाकीचे दया दाखवा म्हणतात. राजा बहुमताने जातो, रक्ताक्ष आपला परिवार घेऊन निघून जातो आणि अखेर घुबडांच्या गुहेला आग लागते.

ताईने पुस्तक मिटले. “कोकरू बरोबर होते, ते मेले. रक्ताक्ष बरोबर होता, त्याचे कोणी ऐकले नाही. मग नीट लिहून काय उपयोग, काका?”

पाऊस कौलांवर वाजत होता. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. उद्या सांगेन, असे म्हणून मी दिवा मालवला, आणि कितीतरी वेळ जागा राहिलो. घरात मुलांनी मत मांडावे असे आपण म्हणतो, पण ते ऐकण्याची आपली तयारी असते काय? कोकराचा युक्तिवाद निर्दोष होता. उणीव होती ती ऐकणाऱ्यात.

दुसरे दिवशी राजवाड्यातील सरस्वती महाल पाहण्यास गेलो. नायक राजांच्या काळापासून जमत आलेल्या या ग्रंथसंग्रहाला सरफोजी राजांनी खरे वैभव दिले. ते १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले तेव्हाही त्यांनी पोथ्या जमवल्या. चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते येथे आहेत. त्यांत संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठीही. १९१८ पासून हा संग्रह सर्वांना खुला झाला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पेट्यांतील ताडपत्रे आणि चित्रे पाहताना मी मुलांना सांगितले की, याच राजाने मुलांसाठी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना आणवला, आणि १८०६ च्या सुमारास त्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. महाराष्ट्रात सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली आली, त्याच्याही सुमारे वीस वर्षे आधी! राजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे एक मराठी नाटकही रचले. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला गाण्यांतून पृथ्वीचा भूगोल सांगते. आम्ही पिशवीतून आणलेली गोष्ट या गावात दोनशे वर्षांपूर्वी मराठी लिपीत येऊन बसली होती, हे ऐकून बंडूने पिशवी छातीशी धरली.

आणि तेथेच मला ताईच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले. पण दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असे मत पंडितांनी दिले आणि गादी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांना मिळाली. मुलाचा पक्ष घेऊन श्वार्ट्झ नावाचे वृद्ध जर्मन पाद्री कंपनी सरकारकडे अर्ज करीत राहिले. पुन्हा शास्त्रार्थ झाला, आधीचे मत चुकीचे ठरले, आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. मधे अकरा वर्षे गेली. श्वार्ट्झ त्याच वर्षी, राज्यारोहणाच्या काही महिने आधी वारले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये, त्यांच्या मृत्युशय्येपाशी उभ्या असलेल्या राजाचे संगमरवरी शिल्प आहे. ते फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून राजाने मुद्दाम करवून घेतले. आम्ही तेही पाहिले.

“बोललेले शब्द त्याच दिवशी हरले असते,” मी ताईला म्हटले, “लिहिलेले अकरा वर्षे वाट पाहत राहिले. लिहिण्याचा उपयोग हा.”

ताईने मान हलवली. मग जरा वेळाने ती म्हणाली, “पण कंपनीने मत बदलले आणि पुढच्याच वर्षी राज्य घेतले ना? म्हणजे निवाडा देणाऱ्याला त्यातून काय मिळते, हेही पाहायला हवे.” यावर मला काही बोलता आले नाही. मी कॉफी प्यावी म्हणून सर्वांना बाहेर काढले.

परतीच्या गाडीत ताई खिडकीपाशी बसून लिहीत होती. चौथ्या दिवशी पुण्याच्या घरी तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. पत्र आप्पांना होते. शुद्धलेखन तेवढे तपासा, बाकी काही बदलायचे नाही, अशी तिची अट होती.

पहिल्या वाक्यात मत होते. दहावीपर्यंत मी वाईच्या शाळेतच शिकावे. पुढे दोन कारणे होती. शाळा दहावीपर्यंत आहे आणि तिथले गणिताचे शिक्षक तिला न कळलेले पुन्हा सांगतात, हे एक. आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, संध्याकाळी तिला वर्तमानपत्र आणि पोथी ताई वाचून दाखवते, हे दुसरे. त्यानंतर माझी बाजू होती, आणि ती मी मांडली त्याहून चांगली मांडलेली होती. पुण्याच्या ग्रंथालयाला आपल्याकडे उत्तर नाही, हे तिने मान्य केले होते. म्हणून सुट्ट्या पुण्यास काढाव्यात, असे सुचवले होते. मग शेवटचा परिच्छेद.

‘काकांनी एक कारण सांगितलेले नाही. त्यांच्या घरी संध्याकाळी कोणी नसते. काकू सात वाजता दोघांची पाने घेते आणि मग घरात आवाज नसतो. मला वाटते हे त्यांचे खरे कारण आहे. ते निमित्त नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आप्पा, हे सर्व वाचून तुम्ही ठरवावे.’

तांबड्या पेन्सिलीचे टोक त्या परिच्छेदावर किती वेळ टेकून राहिले, कोण जाणे. तो गाळावा असे मनात आले, हे लपवत नाही. आमच्या पदरी मूल नाही. ही गोष्ट आम्ही दोघांनीही कधी उच्चारली नव्हती, आणि आप्पांपुढे तर नाहीच. लांडग्याची गोष्ट मीच शिकवली होती. तथापि या मुलीने मला लांडगा म्हटले नव्हते. भुकेचे नाव तिने माझ्या वतीने, मला लाज वाटू नये अशा रीतीने लिहिले होते. मी कागद पत्नीकडे दिला. तिने तो वाचला, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “‘परिच्छेद’ कसा लिहावा हे तिला कोणी शिकवले हो?” मी ‘संध्याकाळी’तील एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि पत्र पाकिटात घातले.

वाईस जेवणे झाल्यावर आप्पांनी ते पत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले. शेवटच्या परिच्छेदाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला, आणि मग तोही वाचला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझे काय म्हणणे?” मी म्हटले, “तिने लिहिले ते खरे आहे. ग्रंथालय वगैरे होतेच, पण ते पहिले कारण नव्हते.” माजघरात कोणी बोलले नाही. आजी तेवढी पुटपुटली, “अरे, मग तसे सांगायचे.”

आप्पांनी निर्णय दुसरे दिवशी सकाळी सांगितला. दहावीपर्यंत ताई वाईसच राहील. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी दोन्ही मुले पुण्यास काढतील. यापुढे ज्याच्याविषयी बोलणे असेल त्याला आत बोलावल्याशिवाय ते सुरू करायचे नाही, हेही त्यांनी जोडले, आणि ते म्हणताना ते माझ्याकडे नव्हे, स्वतःकडेच पाहत असल्यासारखे दिसले. तेवढ्यात बंडूने खिशातून घडी केलेला कागद काढला. ताईला जायचे नसेल तर मला पाठवावे, असे त्याचे मत होते. कारणे तीन. त्यांतले पहिले असे की, काकूच्या घरी कॉफी मिळण्याचा संभव आहे. विरुद्ध बाजू त्याने प्रामाणिकपणे लिहिली होती. ‘मी फार दंगा करतो, असे आई म्हणते. हे खरे आहे.’

जून आला आणि गेला. आमच्या घरी संध्याकाळी अजून सातला दोनच पाने मांडली जातात. परंतु महिन्यातून एकदोनदा वाईहून एक जाड पाकीट येते. त्यात ताईने वाचलेल्या पुस्तकाविषयीचे तिचे मत असते, चारी भागांसह, आणि खाली तुम्ही विरुद्ध बाजू घ्या, अशी सूचना असते. जेवण झाले की आम्ही दोघे उत्तर लिहायला बसतो. पत्नीचा आणि माझा पक्ष बहुधा जुळत नाही, आणि घरात बराच वेळ बोलणे चालू राहते.